दोन दिवसांची मुंबई

प्रास्ताविक

सुट्टी आणि प्रवास हे दोन शब्द एकत्र आले की काश्मीर, उटी अशी दूरची नावे आठवतात. परंतु तेवढा वेळ आणि तेवढा पैसा फार थोड्या घरांत असतो. बहुतेक कुटुंबांची सहल जवळच्या मोठ्या शहरापर्यंतच पोहोचते. इंदूर, बडोदे, नागपूर, हैदराबाद अशा एखाद्या शहरात तुम्हीही दोन दिवसांसाठी जाऊन आला असाल. प्राणिसंग्रहालय, बाजार, एखादे नातेवाइकाचे घर आणि परतीची गाडी गाठण्याची धावपळ, असे त्या सहलीचे स्वरूप असते.

प्रस्तुत पाठात अलिबाग तालुक्यातील एक कुटुंब नाताळच्या सुट्टीत मुंबईला जाते. मांडवा बंदरातून मुंबई लाँचने तासाभराच्या अंतरावर आहे. इतक्या जवळच्या शहरात घरातील आजी पंचाहत्तरी उलटल्यावर प्रथमच का जाते, हे समजण्यासाठी मुंबईच्या कापड गिरण्यांची थोडी माहिती असावी लागते. ती पाठात ओघाने येईल. पाठ वाचताना कुटुंबातील प्रत्येक व्यक्ती शहरात काय शोधते, याकडे लक्ष द्या.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला प्रवासवर्णनात स्थळांची माहिती आणि माणसांचे अनुभव एकत्र कसे येतात हे सांगता येईल. गिरणी कामगार व त्यांची गावाकडील कुटुंबे यांच्या जीवनाविषयी लिहिता येईल. तसेच स्वतः केलेल्या एखाद्या लहान सहलीचे वर्णन करता येईल.

मूळ पाठ

रात्रीची जेवणे आटोपल्यावर सहलीचा बेत ठरला. दोन दिवस मुंबईला जायचे, रात्रीचा मुक्काम परळला मावशीकडे करायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या लाँचने परतायचे. धाकट्याला राणीच्या बागेतले पेंग्विन पाहायचे होते. दहावीत शिकणाऱ्या थोरलीला वस्तुसंग्रहालय आणि इतिहासाच्या पुस्तकात वाचलेल्या इमारती पाहण्याची ओढ होती. आईला दादरच्या बाजारात लग्नसराईची खरेदी उरकायची होती. बाबांनी हे सारे वहीत टिपून घेतले आणि शेवटी आजीला विचारले, "आई, तुला काय बघायचंय?"

"मला लालबागला जायचंय," आजी म्हणाली.

"लालबागला काय आहे?" धाकट्याने विचारले.

त्याला कोणी उत्तर दिले नाही. बाबांनी वहीत 'लालबाग' असे लिहिले आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले.

सकाळच्या पहिल्या बसने ते मांडव्याला आले. हिवाळ्यात या खाडीमुखाशी पांढरे कुरव पक्षी मोठ्या संख्येने येतात. लाँच सुटली, की प्रवाशांनी उडवलेले गाठीचे तुकडे झेलण्यासाठी ते तिच्या मागोमाग उडत राहतात. धाकट्याचा खाऊ त्यात निम्मा संपला. आजी मात्र कठड्याला धरून पाण्याकडे पाहत होती. आजोबांच्या काळी प्रवास वेगळा होता. ते रेवसहून लाँचने निघून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर उतरत. पावसाळ्यात समुद्र खवळला की ही वाहतूक बंद पडे. मग गणपतीच्या आधी माणूस घरी येणार की नाही, याची चिंता गावातल्या प्रत्येक घराला लागे. आता २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारगाड्याही वाहून नेणारी मोठी बोट सुरू झाली आहे.

गेटवे ऑफ इंडिया समोर आले तेव्हा थोरलीने आपली माहिती सांगायला सुरुवात केली. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ च्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले, त्याची आठवण म्हणून ही कमान उभारली, वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट, उद्घाटन १९२४.

"म्हणजे राजा आला तेव्हा दरवाजा नव्हताच?" धाकट्याने विचारले.

"नव्हता," थोरली म्हणाली. "पण ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी गेली, ती याच दरवाज्यातून गेली. १९४८ च्या फेब्रुवारीत."

वस्तुसंग्रहालयात दोन तास गेले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारतही विटेट यांचीच. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथे लष्करी रुग्णालय होते आणि १९२२ मध्ये ते संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुले झाले. थोरलीने तेथून हलायचे नाव काढले नाही आणि धाकट्याचे पाय दुखू लागले. संग्रहालयात लहान मुलांचे पाय फार लवकर दुखतात. दुपारी हुतात्मा चौकातून पुढे चालत ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर आले. या इमारतीचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले आणि त्याला दहा वर्षे लागली. २००४ मध्ये तिचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला. याच परिसरातील बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटर अंतर भारतातील पहिली प्रवासी गाडी धावली होती. बाबांनी मान वर करून घुमट दाखवला. तेवढ्यात मागून आलेल्या गर्दीने सर्वांना फलाटाकडे ढकलत नेले.

बाबा आणि धाकटा पुरुषांच्या डब्यात चढले. आजी, आई आणि थोरली महिलांच्या डब्यात. दुपारची वेळ असल्याने आजीला खिडकीजवळची जागा मिळाली. स्थानक आले की ती पाटी वाचू लागली. "मशीद." मग काही वेळाने, "भायखळा." अक्षरांवर थांबत, पण स्पष्ट आवाजात. समोर बसलेल्या एका मुलीला त्याचे हसू आले. चिंचपोकळीची पाटी आजीने दोनदा वाचली.

"आई, तुम्हाला हे नाव माहीत आहे?" आईने विचारले.

"ह्यांच्या पत्रात यायचं," आजी म्हणाली.

पाठगत प्रश्न : (१) बाबांनी 'लालबाग' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह का काढले असावे? (२) गाडीतील मुलीला हसू का आले? तुम्ही आजीच्या जागी असता तर काय केले असते?

आजीच्या वाचनाची हकिकत घरात सर्वांना माहीत होती, पण ती पूर्ण कोणी ऐकली नव्हती. त्या रात्री मावशीच्या घरी गाद्या घालून झाल्यावर थोरलीने ती विचारून घेतली.

मुंबईत १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढे लालबाग, परळ, शिवडी, वरळी, भायखळा या भागांत गिरण्यांची दाटी झाली आणि या भागाला गिरणगाव असे नाव पडले. कोकणातून, घाटावरून, देशभरातून माणसे कामाला आली. त्यांतील असंख्य पुरुष एकटेच राहत. कुटुंब आणायला जागा नव्हती आणि शेती, गुरे, म्हातारे आईवडील सांभाळायला गावी कोणीतरी हवे होते. ते कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा बायको. शाहीर अण्णा भाऊ साठे यांनी अशा माणसाच्या तोंडी घातलेली छक्कड महाराष्ट्रभर गाजली. तीत बोलतो तो मुंबईत आलेला नवरा. गावी राहिलेल्या बाईचे म्हणणे तिनेच लिहायचे, तर तिला लिहिता येत नव्हते.

आजोबा दर महिन्याला मनीऑर्डर पाठवत. मनीऑर्डरच्या अर्जाच्या खालच्या भागात निरोपासाठी बोटभर जागा असे. त्यात ते लिहीत, 'मी सुखरूप आहे. पैसे मिळाल्याचे कळवणे.' पोस्टमन ते मोठ्याने वाचून दाखवी. अधूनमधून पत्र येई, तेही पोस्टमन किंवा शाळेतले गुरुजी वाचत. सासू-सासरे, शेजारी, वाचणारा, असे सहासात जण ऐकायला असत. त्यामुळे पत्रात पावसाची, म्हशीची आणि तब्येतीची चौकशी यापलीकडे काही नसे. नवरा कमी बोलणारा आहे, असेच आजी समजत होती.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी देशात राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पुढच्या वर्षी गावच्या देवळात रात्रीचा वर्ग भरू लागला. आजी तेव्हा तिशीची होती. दिवसभर भातशेतीत राबून, स्वयंपाक आवरून ती कंदील घेऊन वर्गाला जाई. सासूने नाराजी दाखवली, सासरे काही बोलले नाहीत. जोडाक्षरांना तिने फार दिवस घेतले. वर्षभराने तिने स्वतःच्या हाताने एक पोस्टकार्ड लिहिले. त्यात चारच वाक्ये होती. शेवटचे वाक्य असे, 'हे मीच लिहिले आहे आणि तुमचे पत्र आता मीच वाचेन.'

त्यानंतर आजोबांची पत्रे बदलली. पोस्टकार्डाऐवजी चिकटवलेले आंतर्देशीय पत्र येऊ लागले. एका खोलीत गावचे सोळा जण कसे राहतात, पाळी संपवून आलेला माणूस पाळीवर गेलेल्याच्या अंथरुणावर कसा झोपतो, खानावळवाल्या बाईच्या हातची आमटी कशी असते, साच्यांच्या खडखडाटामुळे खात्यात माणसे खुणांनी कशी बोलतात, हे सारे त्यांनी लिहिले. चाळीच्या सज्जातून गिरणीची चिमणी दिसते, तिचा धूर कोणत्या बाजूला जातो ते पाहून गावाकडे वारा कसा असेल याचा अंदाज करतो, असेही एकदा लिहिले. बाकीचे काय लिहिले होते ते आजीने थोरलीला सांगितले नाही.

"किती पत्रं होती?" थोरलीने विचारले.

"बावीस. दोन वर्षांची बावीस. मग संप झाला."

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप दीड वर्षाहून अधिक काळ चालला. तो मागे घेतल्याचे रीतसर कधी जाहीर झालेच नाही. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, पण सर्वांना काम मिळाले नाही, आणि कित्येक गिरण्या पुढील काळात कायमच्या बंद पडल्या. संपाचा इतिहास सांगताना बहुधा मुंबईतील सभा आणि मोर्चे सांगितले जातात. गावाकडे तो वेगळ्या रीतीने पोहोचला. पहिल्या महिन्यात मनीऑर्डर आली नाही. दुसऱ्या महिन्यात वाण्याने उधारीची वही मिटली. तिसऱ्या महिन्यात म्हैस विकली. त्याच पावसाळ्याच्या तोंडावर आजोबा ट्रंक घेऊन गावी परतले आणि पुन्हा मुंबईला गेले नाहीत. नंतर तीस वर्षे ते घरात होते. मग पत्र कशाला लिहायचे? त्यांनी लिहिले नाही आणि मुंबईविषयी फारसे बोललेही नाहीत. जे काही सांगायचे होते, ते बावीस पत्रांत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणीची बाग. तिचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. येथील हंबोल्ट जातीचे पेंग्विन २०१६ मध्ये आणले गेले. मूळचे ते दक्षिण अमेरिकेतील पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्यासाठी थंड केलेल्या दालनासमोर धाकटा असा काही खिळला, की बाबांना त्याला उचलूनच बाहेर आणावे लागले. बागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरी बेटावरून आणलेला दगडी हत्ती आहे, तोही पाहून झाला. अकरा वाजले. दादरची खरेदी राहिली होती. बाबांनी वही उघडली आणि घड्याळ पाहिले.

"आई, लालबागला आता ओळखीचं कुणी नाही. उन्हात तुला त्रास होईल. थेट दादरला गेलो तर..."

आजी काही बोलली नाही. तिने पिशवीतून एक घडी केलेले निळसर पत्र काढले आणि मागच्या बाजूचा पत्ता बाबांपुढे धरला.

"दादर पुढच्या खेपेला," आई म्हणाली. "साड्या अलिबागलाही मिळतात."

भायखळ्याहून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने बसने लालबाग फार दूर नाही. डोक्यावर उड्डाणपूल, दोन्ही बाजूंना जुन्या चाळी आणि त्यांच्यामागून वर आलेले काचेचे मनोरे. मसाल्याच्या दुकानांच्या गल्लीशी येताच सर्वांना ठसका लागला. आजी थांबली. आजोबा शिमग्याला येताना लालबागचा चिवडा आणि भाजलेल्या मिरच्यांचा मसाला आणत. त्यांच्या ट्रंकेतल्या कपड्यांना हाच वास यायचा, असे ती म्हणाली.

गिरणी सापडली नाही. म्हणजे जागा सापडली. काळ्या दगडांच्या कुंपणाचा एक तुकडा अजून उभा होता. १९९१ नंतर, आणि विशेषतः २००१ मध्ये नियम बदलल्यावर, गिरण्यांच्या जमिनींवर मॉल, कार्यालये आणि उंच घरे उभी राहिली. या गिरणीच्या जागीही तसाच एक मनोरा होता. फाटकावर गणवेशातला पहारेकरी होता. त्याने "किससे मिलना है?" असे विचारले. बाबांनी मान हलवून कुणाला नाही असे सांगितले.

चाळ मात्र होती. पुनर्विकासाची सूचना जिन्यापाशी चिकटवलेली होती. आजीने ती उभी राहून पूर्ण वाचली. कदाचित खोली क्रमांकांची यादी असेल म्हणून. लाकडी जिन्याने दुसऱ्या मजल्यावर पोहोचायला तिला बराच वेळ लागला. पत्त्यातल्या खोलीला कुलूप होते. शेजारच्या दारात तांदूळ निवडत बसलेल्या बाईंनी वर पाहिले.

"कोणाकडे आलात?"

"ह्या खोलीत आमचे हे राहायचे," आजी म्हणाली. "गावची मंडळी होती. संपाच्या आधी."

"गाळा होता तो. आता भाडेकरू आहेत, कामावर गेलेत." बाईंनी सूप बाजूला ठेवले. "आजी, बसा. चहा टाकते."

आजी बसली नाही. ती सज्जाच्या कठड्याशी गेली. चिमणी कोठे दिसावयास हवी होती ते तिला पत्रावरून ठाऊक होते. तेथे निळी काच होती आणि काचेत समोरच्या चाळीचे प्रतिबिंब होते. तिने बंद दाराच्या चौकटीवर हात ठेवला आणि खिडकीच्या फटीतून आत पाहिले. दहा बाय बाराची खोली. सोळा माणसे. तिने बोटांवर काहीतरी मोजले.

"आपलं गाव इथून कुठल्या बाजूला रे?" तिने बाबांना विचारले.

बाबांनी थोडा विचार करून दक्षिणेकडे हात केला. तिकडे इमारतींच्या मागे इमारती होत्या. समुद्राचा मागमूस नव्हता.

"इथून काहीच दिसत नाही म्हणजे," आजी म्हणाली.

चहा घेऊन त्या बाईंचा निरोप घेताना आजीने मसाल्याच्या पुड्यांतली एक त्यांच्या हातात ठेवली. बाई हसून म्हणाल्या, "अहो, लालबागचाच मसाला लालबागला?" मग त्यांनी तो ठेवून घेतला.

संध्याकाळी गेटवेहून लाँच निघाली तेव्हा दिवस मावळला होता. धाकटा आईच्या मांडीवर झोपला. मांडव्याच्या धक्क्यावर उतरल्यावर आजी, सवयीने असेल, मागे वळून उभी राहिली. पाण्यापलीकडे मुंबईचे दिवे लागले होते. लग्न होऊन आल्यापासून पन्नासाहून अधिक वर्षे ती गावच्या किनाऱ्यावरून हे दिवे पाहत आली होती. पूर्वी दिवे कमी होते एवढेच.

"आजी, लालबाग कुठे दिसतं?" थोरलीने विचारले.

"ते नाही दिसत," आजी म्हणाली. "हे कुलाब्याचे दिवे. लालबाग खूप आत आहे. मी इतकी वर्षं चुकीच्या दिव्यांकडे बघत होते." आणि बस सुटायच्या आत जागा मिळावी म्हणून ती भराभर चालू लागली.

शब्दार्थ

लाँच – प्रवासी वाहून नेणारी यांत्रिक बोट. कुरव – समुद्रकिनारी आढळणारा पांढरा पक्षी. गाळा – गिरणगावात एका गावच्या वा ओळखीच्या पुरुषांनी मिळून राहायची खोली. पाळी – कारखान्यातील कामाची ठरावीक वेळ. साचा – कापड विणण्याचे यंत्र, माग. खाते – गिरणीतील विभाग. सज्जा – चाळीतील खोल्यांसमोरचा कठडा असलेला लांब मार्ग. छक्कड – शाहिरी गीताचा एक प्रकार. शिमगा – होळीचा सण.

भाषाविचार

पाठातील निवेदनात 'पाहायचे होते', 'म्हणाली', 'दिसावयास हवी होती' अशी लेखी भाषेतील रूपे आहेत. संवादांत मात्र 'बघायचंय', 'इतकी वर्षं', 'किती पत्रं' अशी बोलण्यातील रूपे येतात. आजी पतीचे नाव न घेता 'हे', 'ह्यांच्या' असे म्हणते. सून सासूला 'तुम्ही' म्हणते, मुलगा आईला 'तू' म्हणतो. तुमच्या घरात या नात्यांमध्ये कोणती सर्वनामे वापरली जातात? मराठीशिवाय दुसरी भाषा तुमच्या परिसरात बोलली जात असेल, तर तिच्याशी तुलना करा.

स्वाध्याय

१. आजी साक्षर झाल्यावर आजोबांच्या पत्रांत कोणता बदल झाला? त्याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.

२. 'गावाकडे संप वेगळ्या रीतीने पोहोचला.' या विधानाचे पाठाच्या आधारे स्पष्टीकरण करा.

३. "साड्या अलिबागलाही मिळतात," या आईच्या उद्गारातून तिच्या स्वभावाचा कोणता विशेष दिसतो?

४. सज्जात उभी असताना आजी बोटांवर काय मोजत असावी, असे तुम्हाला वाटते?

५. तुमच्या घरातील किंवा ओळखीतील एखादी व्यक्ती कामासाठी दुसऱ्या शहरात राहत असेल किंवा राहिली असेल, तर तिच्याशी बोला. तिच्या राहण्याच्या जागेचे वर्णन दहा ते बारा ओळींत लिहा.